घोडीवरून मागं बघितलं

आबा, गेल्या आठवड्यात गावच्या जत्रेत मी गाड्यापुढं घोडीवर बसले. पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला जे काय डोळे वटारायचेत ते आत्ताच वटारून होतील आणि पुढचं शांतपणे ऐकाल. राग तुमच्या नाकावर असायचा, पण कुणाचं बोलणं अर्धं टाकून तुम्ही कधी उठला नाहीत. आणि रागावलात तरी आता काय करणार आहात म्हणा. बैलगाड्यांच्या शर्यती आता परत सुरू झाल्यात, पण कोर्टानं त्या बंद केल्या, त्याच्या पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले हृदय. आई म्हणाली, हृदय-बिदय काही नाही, ह्या माणसाला मोकळा घाट बघवंना. आम्ही दोघांचंही खरं मानलं. आत्ता दुपार आहे, मी ओसरीवर कागद घेऊन बसले आहे. समोरच्या उतारावर कुणीतरी भाताच्या रोपांसाठी राब भाजलाय, त्याचा धूर वर न जाता अंगणातच रेंगाळतोय. गोठा, आंबा, आंब्याखालची घोडी, सगळं अर्धं दिसतंय, अर्धं नाही. अशा धुरातून तुम्ही शेणाची पाटी घेऊन बाहेर आलात तरी मला नवल वाटणार नाही. चहा ठेवू का, एवढंच मी विचारीन.

आमच्या कबड्डीच्या संघात हरियाणाची एक मुलगी आहे. तिला मी एकदा हे सगळं समजावून सांगितलं होतं. म्हटलं, डोंगराच्या उताराला एक सरळ पट्टा असतो, खालून वर जाणारा, त्याला आम्ही घाट म्हणतो. चार बैल, मागं हलका गाडा, गाड्यावर माणूस नाही. बैलांच्या पुढं घोडी, घोडीवर स्वार. घोडी सुटली की बैल सुटतात. खालपासून वरपर्यंत एक पळ, ती एक बारी. ज्याच्या बारीला सगळ्यात कमी वेळ लागला तो जिंकला. तिनं विचारलं, "जीतता कौन है?" म्हटलं, "गाडा." "और घोडीवाला?" "वो तो बस आगे होता है." ती म्हणाली, "फिर बैठता क्यूँ है?" मी आपली बुटाची नाडी बांधत बसले.

तुम्ही मला पहिल्यांदा घोडीवर पुढ्यात घेतलंत तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हते. आईनं आरडाओरडा केला होता. आपण घोडीवर खोगीर कधी घातलं नाही, नुसती गोधडीची घडी. तिच्या पाठीची ऊब खालून आणि तुमच्या पोटाची मागून, आणि तुमच्या सदऱ्याला तंबाखूचा आणि घोडीच्या घामाचा वास. तुम्ही सांगताय, "मान फिरली की गुडगा फिरतो, गुडगा फिरला की घोडी फिरती. मागं बघायचं न्हाई." मी विचारते, "पण मागं काय हाय?" तुम्ही म्हणताय, "बैल हायेत, दुसरं काय असतंय? पुढं बघ." एवढंच शिक्षण. मला अजून तुमचा हात माझ्या डोक्यावर जाणवतो, मान वळली की ती दोन बोटांनी पुन्हा सरळ करणारा.

त्या शिकवणीनं पुढं काय घोटाळा केला ते तुम्हाला आठवतंय ना? शाळेत कबड्डी सुरू झाली. चढाईला गेले, गडी बाद केला, की मी सरळ पाठ फिरवायचे आणि मध्यरेषेकडं सुटायचे, मागं न बघता. आणि दर वेळी कुणीतरी मागून घोटा धरायचं आणि मी तोंडावर. खेळाच्या बाई शेवटी घरी आल्या. ओसरीवर बसून म्हणाल्या, "मुलगी चपळ आहे, पण हिला समोरच्याला पाठ दाखवायची सवय कुणी लावली हो?" तुम्ही एवढे हसलात की पानाचा रस सदऱ्यावर सांडला. "मीच लावली, बाई! आमच्यात तसंच असतंय." बाई म्हणाल्या, "मग आता तुम्हीच मोडा." आणि तुम्ही मोडलीत. देहूरोडच्या लष्करी डेपोतली ड्यूटी करून संध्याकाळच्या गाडीनं कान्हे स्टेशनावर उतरायचात आणि घरी आल्यावर खळ्यात माझ्यासमोर गुडघ्यात वाकून उभे राहायचात. मी मागं-मागं सरकत जायचं, तुमच्या डोळ्यांतून डोळे न काढता. तुम्हाला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. नदीकाठची माती आणून, चाळून, तुम्ही ती खळ्यात पसरलीत, एकही खडा राहू दिला नाहीत. माझ्यासाठी कुणी काही आणलं असेल तर ती माती. आणि रात्रीचं जेवण झालं की स्वयंपाकघरात चुलीच्या उजेडात माझे घोटे चोळायचात, घोडीच्या पायाला लावायचं तेच तेल. आई म्हणायची, "पोरगी हाय का घोडी?" तुम्ही म्हणायचात, "दोघींचं पाय सारखंच. लावू दे."

मग ती जत्रा. माझी राज्याच्या संघात निवड झाली होती आणि मी हवेत होते. सकाळी घोडी घाटाकडं न्यायच्या निमित्तानं मी तिच्यावर बसले आणि सगळ्या गावासमोर मिरवत आले. तुम्ही गर्दीतून आलात, काखेत हात घातलात आणि मला उचलून खाली ठेवलंत. एवढी मोठी मुलगी मी, मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हे पाय आता तुझ्या एकटीचं न्हाईत," तुम्ही म्हणालात. मी चिडून विचारलं, "मग कुणाचं?" "समद्यांचं," म्हणालात, आणि घोडीवर टांग टाकून स्वतः निघून गेलात. मला खाली उतरवायचं आणि आपण बसायचं, वा रे न्याय! त्याच दिवशी तुम्ही वर टोकाला पडलात, बरगडी मोडली. दुसऱ्या दिवशी पट्टा बांधून डेपोत हजर. साहेबाला सांगितलंत, जिन्यावरून पडलो. आपल्या घराला जिना कुठं होता, आबा? जड पेट्या उचलायचं काम तुमचं, तो साहेब मनात आणता तर तुमची नोकरी जाती. त्या दिवसानंतर मी कधी घोडीवर बसले नाही, गेल्या आठवड्यापर्यंत.

आता माझं सांगते. आमची अख्खी पिढी बायकांसाठी मोठी लीग निघेल म्हणून वाट बघत म्हातारी झाली. शेवटी निघाली तेव्हा माझी तिशी उलटलेली, डावा गुडघा एकदा शिवलेला. तरी मला घेतलं. एका हंगामासाठी. पुढच्या वर्षी कुणी घेणार नाही हे त्यांना ठाऊक, मलाही ठाऊक. रेल्वेत नोकरी आहे, लोणावळ्याला तिकीट खिडकीवर बसते, पोटाचं काही अडत नाही. पण दिव्यांखाली, टीव्हीवर, पाठीवर आपलं आडनाव लिहिलेला शर्ट घालून एकदा चढाईला जायचं, एवढंच एक राहिलं होतं. करारावर सही करताना संघाच्या व्यवस्थापकानं एकेक कलम वाचून दाखवलं. पुण्याचा तरुण पोरगा आहे, मला ताई म्हणतो. मोटारसायकलची शर्यत नाही, पॅराग्लायडिंग नाही, घोडेस्वारी नाही, धबधब्यावर चढणं नाही. मी म्हटलं, "अहो, ही तर आमच्या कामशेत-लोणावळ्याच्या रविवारची जाहिरात झाली." तो हसला. मग पेन माझ्या हातात देताना म्हणाला, "पण खरंच हं, ताई."

मी काही दुधखुळी नाही. आमच्यातली माणसं कशी वाया जातात ते मी बघितलंय. एक पकडीचा खेळाडू, सोन्यासारखा, पावसाळ्यात खंडाळ्याच्या वळणावर मोटारसायकलचं पुढचं चाक उचलून दाखवायला गेला आणि खांदा घालवून बसला. एक मुलगी मैत्रिणींच्या नादानं शेवाळलेल्या दगडावर फोटोसाठी चढली, घोटा गेला, खेळ गेला. लोक म्हणतात, शरीर एवढं तयार, मग अक्कल कुठं जाते? मीही म्हणायचे. तिकीट खिडकीच्या आत बसून मी भल्याभल्यांची अक्कल काढलेली आहे. आता मात्र वाटतं, आमचं शरीर फार दिवस दुसऱ्याच्या ताब्यात असतं हो. कधी उठायचं, काय खायचं, किती वाकायचं, कुठं पडायचं, सगळं कुणीतरी सांगतं, आणि ते बरोबरच सांगतं. मग एखाद्या दिवशी माणूस आपलंच शरीर चोरून कुठंतरी घेऊन जातो. त्याला तेव्हा विचारलं की का, तर तो काहीतरी फालतू उत्तर देतो.

आपल्या घोडीची लेक आता आंब्याखाली असते, आईसारखीच तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. तिच्यावर भाऊ बसतो. जत्रेच्या तोंडावर तो गोठ्यात घसरला आणि हात मोडून घेतला. खांद्यापर्यंत प्लास्टर. त्यानं शेजारच्या गावचा स्वार ठरवला, चांगला बसणारा, आणि तो वेळेवर आलाही. म्हणजे अडलं कुणाचंच नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण लोक गोष्ट सजवतात: घराण्याचा मान, बापाची आठवण, पोरगी धावून आली. तसलं काही नाही. सकाळी मी भावाचा शर्ट घातला. आई म्हणाली, "त्याचं कापडं कशाला गं अंगात?" म्हटलं, "माझी समदी धुवायला हायेत." मग फेटा बांधला, त्याचं टोक तोंडावरून घेतलं. आता तुम्हीच समजा काय ते. घाटाच्या तळाशी भाऊ एका हातानं घोडी धरून उभा होता आणि तो दुसरा स्वार पाणी प्यायला गेला होता. मी टांग टाकली. भाऊ बघतच राहिला. "ए बये, उतर! येडी झाली काय? तुझं ते टीव्हीचं हाय ना!" म्हटलं, "घोडी नीट धर." "अगं, पाय मोडला तर?" तोवर आपला नंबर पुकारला, माणसं बैलांच्या गळ्याला लोंबकळत त्यांना जुंपायला लागली, कुणीतरी मूठभर गुलाल माझ्या तोंडावर फेकला, आणि आता उतरायला जागाच उरली नाही.

पुढचं नीट सांगता येणार नाही, कारण ते झालं तसं मला आठवतच नाही, स्वप्नातलं आठवावं तसं आठवतंय. माझ्या मांड्यांखाली तिची पाठ थरथरतीये. तिचे कान मागं वळलेत, तिला सगळं ऐकू येतंय, मला काहीच नाही. स्पीकर चालू आहे, निवेदकाचं तोंड हलताना दिसतंय, पण आवाज कुणीतरी पुसून टाकलाय. उतार समोर एवढा उभा आहे की आभाळाला टेकलाय, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं राबाच्या धुरात झाडांसारखी उभी आहेत, हात वर केलेली. ऊन आहे पण गरम नाही. मग घोडी गेली. सुटली असं मला वाटलं नाही. आम्ही जागच्या जागीच होतो आणि डोंगर आमच्या खालून मागं जायला लागला, अगदी सावकाश, कुणी पांघरूण ओढून घ्यावं तसा. मला तंबाखूचा वास आला. खरंच आला, आबा. मला वाटलं, आता दोन बोटं माझ्या डोक्यावर येतील.

आणि मी मागं बघितलं. मुद्दाम नाही. सगळं आयुष्य चढाईत गेलं माझं, अंगावर कोण येतंय त्याला डोळ्यांनी धरून ठेवल्याशिवाय मला हलताच येत नाही. मान आपोआप वळली. हे तुम्हाला सांगायचंय म्हणून तर हा सगळा प्रपंच. मागं काय असतं ते मी बघितलं. चौघं होते, शिंगं रंगवलेली, तोंडाला फेस, आणि त्यांचे खूर जमिनीला लागत होते की नाही कोण जाणे. पण ते चवताळलेले नव्हते, आबा. लहानपणापासून मी समजत होते की बैल आपल्यावर धावून येतात आणि आपण जीव घेऊन पळतो. तसं नाहीच. शाळा सुटल्यावर पोरं घराकडं पळतात ना, तसे चेहरे होते त्यांचे. त्यांना घोडीला गाठायचं नव्हतं, घोडीबरोबर जायचं होतं. त्यांच्या मागं तांबडी धूळ उठलेली, धुळीत गुलाल, आणि त्या सगळ्याच्या पलीकडं आपलं गाव, देवळाचा कळस, नदीची रेघ, कान्ह्याकडं जाणारे रूळ, सगळं तरंगत होतं, कशालाच वजन नव्हतं. तुम्ही जन्मभर पुढं बसलात. हे एवढं सुंदर तुमच्या पाठीमागं होत राहिलं आणि तुम्ही ते एकदाही बघितलं नाहीत. मला इतकं वाईट वाटलं तुमच्यासाठी, तिथं पळता-पळता, की डोळे भरून आले.

अर्थात तुमचं म्हणणंही खरंच होतं. मान फिरली, गुडघा फिरला आणि घोडी गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीकडं सरकली. माणसं किंचाळत मागं झाली. शिवलेल्या गुडघ्यातून कळ गेली ती पार मस्तकात. मी कशीबशी तिला सरळ केली आणि आम्ही वर पोचलो, सगळे, धडधाकट. वर आवाज एकदम परत आला, कानठळ्या बसल्या. आणि काय ऐकू येतंय? निवेदक घसा फोडून भावाचं नाव पुकारतोय. त्याच्याकडं आधी दिलेलं तेच नाव होतं, त्याचा तरी काय दोष. बापाच्या पावलावर पाऊल टाकणारा पठ्ठ्या, म्हणत होता. पठ्ठ्या तिकडं तळाशी प्लास्टर घेऊन उभा होता. मी पोट धरधरून हसले, तेव्हा.

तीन-चार दिवसांनी त्या व्यवस्थापक पोराचा फोन आला. मी नि भाऊ गोठ्यात होतो, फोन स्पीकरवर. "ताई, तुमच्या गावचा एक व्हिडिओ फिरतोय. कुणीतरी वर लिहिलंय की घोडीवर आपल्या संघाची खेळाडू आहे. मला वरच्यांना उत्तर द्यायचंय." मी म्हटलं, "हं." तो म्हणाला, "पण तोंड कुठं दिसतंय? फेटा आहे, गुलाल आहे. स्पीकरवर तर स्वच्छ तुमच्या भावाचं नाव ऐकू येतंय. म्हणजे भाऊच असणार, नाही का?" पोरगा बिचारा दार सताड उघडून उभा होता, मला नुसतं बाहेर पडायचं होतं. भाऊ प्लास्टरचा हात हलवून खुणा करतोय, "व्हय म्हण. व्हय म्हण की!" आणि खरंच मी व्हय म्हणणार होते, शपथ. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तो पोरगा आपला कौतुकानं म्हणाला, "खाली हजारो लोकांनी लिहिलंय, काय बसलाय गडी म्हणून. भाऊ भारी आहेत हं तुमचे."

"न्हाई," मी म्हटलं. "मी हाय ती."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, रेंज गेली होती. मला काही ऐकू आलं नाही. मी परत फोन लावतो, मग परत विचारतो, चालेल?" किती चांगलं पोरगं आहे बघा. मी म्हटलं, "नको. तेच सांगीन." भाऊ कपाळाला हात लावून चाऱ्याच्या भाऱ्यावर बसला.

आज सकाळी कळवलं त्यांनी. करार संपला. माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली, चांगली आहे, मी तिला खेळताना बघितलंय. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आबा. तोंडात पदर कोंबून नाही, चांगली मोठ्यानं रडले. आता मी कधीच खेळणार नाही, हे असं एका ओळीच्या निरोपात संपेल असं वाटलं नव्हतं. आईला त्यातलं काही कळत नाही. ती आली, चहाचा कप पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "पडली तर न्हाईस ना घोडीवरनं?" "न्हाई." "मग बास," म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. माणसं येऊन जातायत. सरपंच येऊन गेले, खेळाच्या बाई आल्या, त्यांचे आता सगळे केस पांढरे झालेत. सगळ्यांचं म्हणणं एकच: एवढं मोठं नुकसान झालं, पण पोरगी खोटं बोलली न्हाई. बाईंनी तर माझा हात हातात घेऊन डोळे पुसले.

हा कागद मी कुठं टाकणार नाही, तुमच्या तसबिरीमागं सुद्धा ठेवणार नाही, आई तिथं रोज फडकं मारते. चहा करताना चुलीत जाईल. म्हणून एक गोष्ट सांगून घेते. खरं-खोटं असलं काही त्या वेळी माझ्या डोक्यातही नव्हतं. हंगाम जातोय तर जाऊ दे, पण ती बारी भावाच्या नावावर जावी, हे मला सहन होईना. एवढंच. गावात सगळे मला खरं बोलणारी म्हणतायत, आणि मी आपली खाली मान घालून ऐकून घेते आहे.